येणे होणार नाही



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे तर ज्ञानेश्वरीवर बोलावे, मराठवाड्याच्या पाण्यावर बोलावे, नाही तर जगाच्या राजकारणावर बोलावे. व्यवहारातल्या पत्रांत आलेले निमंत्रण कसे नाकारावे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी कोणाच्या मनात आले असेल तर त्यात वावगे काही नाही. परंतु शाळेत आपण निमंत्रणाचे पत्र लिहावयास शिकलो, रजेचा अर्ज शिकलो, पुस्तके मागविण्याचे पत्र शिकलो; निमंत्रण आले असता ‘येणे होणार नाही’ एवढेच दोन ओळींत, समोरच्याचा मान राखून कसे कळवावे, हे मात्र आपणांस कोणी शिकवले नाही. ते न शिकल्यामुळे दुकानदारांचे, कारखानदारांचे आणि संस्थाचालकांचे किती पैसे, किती वेळ आणि किती स्नेह वाया जातो, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आमची समजूत अशी की तो थोडाथोडका नसावा.

अशी कोणतीही व्याख्यानमाला घ्या. चैत्र-वैशाखात मांडव पडावयाचा, म्हणून पौष-माघातच वक्त्यांना पत्रे जातात. उत्तरे तीन प्रकारची येतात. काहींचे ‘होय’, ते सोपे. काहींचे ‘नाही’, तेही सोपे. चालक दुसऱ्या नावाकडे वळतो. खरा घोटाळा तिसऱ्या उत्तराचा : ‘आपल्या निमंत्रणाबद्दल आभारी आहे, येण्याचा अवश्य प्रयत्न करीन.’ या वाक्यावर चालकाने काय करावे? हस्तपत्रक छापावे की थांबावे? गाडीचे तिकीट काढावे की नाही? छापले आणि पाहुणे आले नाहीत तर सभेपुढे उभे राहून दिलगिरी चालकाने व्यक्त करावयाची. न छापले आणि पाहुणे आले तर त्यांचा अपमान झाला म्हणून दिलगिरी पुन्हा चालकानेच व्यक्त करावयाची. ज्याने ते वाक्य लिहिले तो मात्र आपण कोणालाही दुखावले नाही अशा समाधानात असतो.

आता असे पहा की यात दांभिकपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. मराठी माणसाच्या तोंडी ‘नाही’ हा शब्द मुळातच जड आहे. आपण घराबाहेर पडतानासुद्धा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बारशाचे बोलावणे आले तर ‘बघते हं, जमवते’ असे म्हणावयाचे, आणि बोलावणारीनेही त्या ‘हं’च्या लांबीवरून ओळखावयाचे की ही काही येत नाही. समोरासमोरच्या बोलण्यात हे चालते, कारण आवाज आहे, डोळे आहेत, वर्षानुवर्षांची ओळख आहे. दोन्ही बाजूंना ती सांकेतिक भाषा येते. पत्रात यांपैकी काहीच जात नाही. ‘बघतो’ हा शब्द कागदावर उतरला की त्याचा सूर गळून पडतो, उरते ते अर्धवट वचन. आणि व्यापारात अर्धवट वचनावरही ताटे मांडली जातात.

ही खोड आपल्या एकट्यांचीच आहे असे समजण्याचे कारण नाही. जपानी लोक ‘नाही’ म्हणणे किती प्रकारे टाळतात याचा अभ्यास केइको उएदा यांनी केला, आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाच्या मथळ्यातच अशा सोळा तऱ्हा सांगितल्या आहेत. मराठीत मोजदाद केली तर आकडा कमी भरणार नाही. उलट इंग्रजांकडे औपचारिक निमंत्रणाला उत्तर देणे हे कर्जफेडीसारखे मानले जाई. पत्रिकेच्या तळाशी ‘आर. एस. व्ही. पी.’ ही फ्रेंच वाक्याची आद्याक्षरे असत. अर्थ एवढाच की कृपया उत्तर द्यावे. ती चार अक्षरे आपल्याकडेही आली, पण येताना त्यांचा अर्थ वाटेतच कोठे तरी सांडला. आपल्या लग्नपत्रिकांवर ‘आर. एस. व्ही. पी.’च्या खाली काका, मामा आणि समस्त आप्तमंडळी यांची नावे असतात, आणि उत्तर कोणी देत नाही. द्यावयाचे असते हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसते.

वास्तविक पत्र कोणास कसे लिहावे या विद्येचे जुने माहेर आपल्या शेजारीच आहे. येथून पंधरा किलोमीटरांवर देवगिरी. तेराव्या शतकात यादवांच्या दरबारी महादेव आणि रामचंद्र या दोन राजांचा श्रीकरणाधिप हेमाद्री होता. मोडी लिपी त्याने रूढ केली अशी परंपरा सांगते, आणि कारभाऱ्याने कसे वागावे व लिहावे याचे नियम सांगणारे ‘मेस्तक’ त्याच्याच नावावर चालत आले आहे. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, बरोबरीच्यास ‘राजमान्य राजेश्री’. साष्टांग नमस्कार कोठे आणि नुसते आशीर्वाद कोठे, हे सारे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळले. पुढे या भागात निजामाचा अंमल आला. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईतो सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. त्या भाषेत बोलावणे नाकारण्यास ‘माजरत’ असा एक सुरेख शब्द आहे. माजरत चाहतो म्हटले की यावयाचे नाही हेही कळते आणि अदबही राहते. शहरातल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात तो अजून ऐकू येतो. मराठीत त्याच्या तोडीचा एक शब्द आम्हांस सापडलेला नाही. ‘दिलगीर आहे’ म्हणावे तर अपराध केल्यासारखे वाटते. ‘असमर्थ आहे’ म्हणावे तर अंगात ताप असल्यासारखे.

शब्द नाही म्हणून आपण इंग्रजी साच्याचे भाषांतर केले : ‘पूर्वनियोजित कार्यक्रमामुळे उपस्थित राहू शकत नाही.’ या वाक्यावर आमचा राग आहे. ते खरे असेल तेव्हा ठीक. पण शंभरांतून नव्वद वेळा ते खरे नसते, आणि ते खरे नाही हे वाचणाऱ्यास कळते. शिवाय त्यात एक धोका आहे. आपण कार्यक्रमाचे निमित्त सांगितले की निमंत्रक दुसरी तारीख विचारतो. मग आणखी एक पूर्वनियोजित कार्यक्रम शोधावा लागतो. तिसऱ्या वेळी मनुष्य शरमेने जातो, आणि गेल्यावर सगळा वेळ घड्याळाकडे पाहत बसतो.

याच औरंगपुऱ्यात महात्मा फुल्यांचा पुतळा आहे. आपण त्यावरून रोज जातो-येतो. मराठीत निमंत्रण नाकारण्याची जी सर्वांत गाजलेली चिठ्ठी आहे ती त्यांची, आणि ज्यांना ती लिहिली ते माधवराव रानडे. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करणारे तेच. म्हणजे आज आपण ज्या प्रकारच्या सभेत बसलो आहोत तिचे जनकच म्हणा ना. रानड्यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची पहिली सभा पुण्यात १८७८ मध्ये भरली. दुसरी १८८५ च्या मे महिन्यात भरावयाची होती. तिचे निमंत्रण जोतीरावांस गेले. हे दोघे एकमेकांस परके नव्हते. १८७५ मध्ये स्वामी दयानंदांची पुण्यात मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांचा रोष पत्करून दोघेही तीत चालले होते. तेव्हा नकार द्यावयाचा तो ओळखीच्या, आदराच्या माणसास.

त्या पत्राची घडण पाहण्यासारखी आहे. आरंभ रीतसर : आपले अमुक तारखेचे पत्र पोचले, आनंद झाला. नंतर लगेच ‘परंतु’. आणि त्या ‘परंतु’नंतर प्रकृतीचे कारण नाही, कामाचे नाही, पूर्वनियोजित कार्यक्रमाचे तर नाहीच. जे लोक बहुजनांना माणसाचे हक्क देत नाहीत आणि पुढेही देतील असे त्यांच्या वागण्यावरून दिसत नाही, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, हे कारण त्यांनी सरळ मांडले. शूद्र-अतिशूद्रांची दुःखे ज्यांनी भोगली नाहीत त्यांच्या लिहिण्यात ती कोठून उतरणार, हा त्यांचा प्रश्न होता. सर्वांची एकी व्हावी असे वाटत असेल तर एकमेकांत अक्षय प्रीती कशाने वाढेल त्याचे बीज शोधून काढा, डोळे मिटून उपयोग नाही, असे सुचवावयासही ते विसरले नाहीत. आणि शेवट पुन्हा रीतसर : लोभाची विनंती, म्हाताऱ्याचा सलाम, आणि सही दोस्त म्हणून. ते पत्र ११ जून १८८५ च्या ‘ज्ञानोदया’त छापून आले.

कोणी म्हणेल, हे सभ्य पत्र नव्हे, हा तर जाहीरनामा. आमचे मत वेगळे आहे. त्यातली भाषा झोंबणारी आहे यात शंका नाही. पण मायना आणि समाप्ती यांतला मान त्यांनी काढून घेतला नाही, आणि मधल्या मजकुरात खोटे काही लिहिले नाही. निमंत्रकास आपण का येत नाही हे कळलेच पाहिजे असे जेथे वाटते तेथे कारण लिहावे, आणि लिहावयाचे तर खरे लिहावे. रानड्यांसारख्या माणसास पोटदुखीचे निमित्त पाठवणे हा रानड्यांचाच अपमान झाला असता. लोक हेही विसरतात की जोतीराव व्यवहारातले गृहस्थ होते. पूना कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे काम त्यांनी केले, सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली, माल पुरवला. धंद्यातल्या पत्रात ‘नाही’ कोठे आणि कसे लिहावे हे ज्याचे रोजचे काम, त्या हाताने ते पत्र लिहिले आहे. आणि प्रत्येक बोलावणे त्यांनी नाकारले असेही नाही. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ पुण्यात समारंभ झाला त्यास ते गेले, शेतकऱ्याच्या वेषात गेले, आणि जे सांगावयाचे ते तेथे सांगून आले. कोठे न जाण्याने म्हणणे पोचते आणि कोठे जाण्याने, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

पण आपल्या रोजच्या टपालात जोतीरावांसारखे प्रसंग विरळा. तेथे असते ते दुकानाचे उद्‌घाटन, पुरवठादाराचे स्नेहभोजन, एखाद्या मंडळाचा सत्कार. या पत्रांत कारणाची आवश्यकता बहुधा नसतेच. कारण न लिहिणे म्हणजे उद्धटपणा असे आपणांस उगीच वाटते. समजा, वाळूजच्या एखाद्या कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्यास माल पुरवणाऱ्याने मोठ्या हॉटेलात जेवणास बोलावले. त्याने असे लिहावे :

‘स. न. वि. वि. आपले १२ तारखेचे पत्र मिळाले. आठवणीने बोलावलेत याबद्दल आभारी आहे. शनिवारच्या भोजनास येणे होणार नाही. ज्यांच्याशी खरेदीचा व्यवहार चालू आहे त्यांच्याकडील भोजनास आमच्या खात्यातील कोणी जात नाही. हे आपणांपुरतेच नाही, सर्वांनाच असे कळवतो. मालाच्या प्रतीबद्दल बोलावयाचे आहे, त्यासाठी मंगळवारी कचेरीत अवश्य यावे. कळावे.’

यात पाच-सहा वाक्ये आहेत आणि नकार तिसऱ्याच वाक्यात आहे. तो शेवटच्या वाक्यापर्यंत लांबवला असता तर वाचणारा मधली स्तुती वाचता वाचता खुर्च्या मांडू लागला असता. येथे कारण दिले ते एवढ्यासाठी की ते नियमाचे आहे, माणसाचे नाही. त्यामुळे कोणास लागत नाही. केंद्र सरकारच्या नोकरांकरता तर १९६४ च्या वर्तणूक नियमांतच सांगितले आहे की ज्यांचा कामाशी संबंध येतो अशा व्यक्तींचा वा पेढ्यांचा भपकेबाज किंवा वरचेवरचा पाहुणचार टाळावा. असा नियम ज्याच्या पाठीशी आहे त्याने तो खुशाल पुढे करावा. आणि ‘मंगळवारी यावे’ हे नुसते गोड बोलणे नव्हे. मंगळवारी खरोखरच वेळ काढावयाचा असेल तरच ते लिहावे. ‘पुन्हा केव्हा तरी नक्की भेटू’ हे वाक्य तर पत्रातून हद्दपार करावे असे आमचे मत आहे. केव्हा तरी म्हणजे केव्हाच नाही, हे लहान मुलासही कळते.

दुसरा प्रकार दुकानाचा. आपल्या जुन्या गिऱ्हाइकाने गुलमंडीवर नवे दुकान काढले, मुहूर्तास बोलावले, आणि त्या दिवशी आपणांस जावयाचे नाही. येथे नियम आड नाही, व्यवहारापेक्षा स्नेह मोठा आहे. येथे पत्र हाताने लिहावे, आणि मुहूर्ताच्या आधी पोचेल असे पाठवावे. मुहूर्तानंतर दोन दिवसांनी ‘येऊ शकलो नाही’ म्हणून येणारी चिठ्ठी ही नकाराची नव्हे, ती पश्चात्तापाची. पत्रात दुकानाबद्दल एखादे खरे वाक्य असावे : जागा मोक्याची आहे, किंवा आपण वीस वर्षे केलेल्या कष्टांचे हे फळ आहे. त्या एका वाक्यानेच पत्र फाडून न टाकता जपून ठेवले जाते.

तिसरा प्रकार निमंत्रणाचा आहे हे पुष्कळांस ठाऊकच नसते. कारखान्याकडून दरपत्रक मागवण्याचे पत्र येते तेही एक निमंत्रणच. माल आपणांकडे होत नाही, किंवा हात रिकामा नाही, म्हणून व्यापारी गप्प बसतो. खरेदी खात्याची अपेक्षा असते की या खेपेस दर देता येत नाही असे दोन ओळींत कळवावे. त्यांच्या बोलीत यास ‘रिग्रेट लेटर’ म्हणतात. जो हे पत्र पाठवतो त्याचे नाव यादीत राहते. जो दोन-तीन वेळा मुका राहतो त्याचे नाव गळते, आणि मग तो म्हणतो की वशिल्याशिवाय काम मिळत नाही. वशिला कोठेच नसतो असे आम्ही म्हणणार नाही. पण गळलेल्या सगळ्याच नावांमागे तो नसतो.

येथपर्यंत सारे कागदावरचे झाले. कागदावर नाही म्हटले, आणि निमंत्रक स्वतः दारात येऊन उभा राहिला तर? लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद स्वीकारावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस विनंती केली होती. सवर्ण हिंदूंच्या चळवळीत भाग घेणे त्यांस रुचत नसे, म्हणून त्यांनी प्रथम नकार दिला. मंडळाने तो ऐकला नाही. आपला एक सभासद मुंबईस पाठवून आग्रह केला, तेव्हा बाबासाहेबांनी मान्यता दिली. पुढची कथा सर्वश्रुत आहे. १९३६ च्या ईस्टरमध्ये भरावयाची परिषद मेपर्यंत ढकलली गेली; भाषण छापून तयार झाले; त्यातला काही भाग गाळावा अशी मंडळाची मागणी आली; बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्याचे नाकारले; शेवटी स्वागत मंडळाने परिषदच रद्द केली. ते न झालेले भाषण आणि सगळा पत्रव्यवहार बाबासाहेबांनी स्वतः छापून प्रसिद्ध केला. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ ते हेच. पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या.

हे उदाहरण आमच्या बाजूचे की विरुद्ध, हे आम्हांस अजून ठरवता आलेले नाही. पहिला नकार कायम राहिला असता तर मनस्ताप वाचला असता, आणि तो पुस्तकाएवढा ग्रंथही झाला नसता. १९५० मध्ये ज्यांनी या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले त्यांच्या लेखणीतला एवढा ऐवज एका मोडलेल्या नकारातून आला, हे पाहून पत्रलेखनाच्या नियमांचे पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवावेसे वाटते. मात्र त्यातली एक गोष्ट व्यवहारी माणसाने उचलण्याजोगी आहे : त्या प्रकरणातले प्रत्येक पत्र बाबासाहेबांकडे होते. कोणी काय मागितले, कोणत्या तारखेस मागितले, आपण काय उत्तर दिले, हे सारे हाताशी होते म्हणून परिषद कोणी मोडली याबद्दल वाद उरला नाही. नकाराच्या पत्राची प्रत ठेवीत नाहीत असे व्यापारी आम्ही पुष्कळ पाहिले. होकाराची मात्र आठवणीने ठेवतात.

दारात आलेल्या निमंत्रकास काय सांगावे, यास आमच्याजवळ रामबाण उपाय नाही. चहा द्यावा, पत्रात लिहिले तेच तोंडी सांगावे, नवे कारण जोडू नये. नवे कारण जोडले की जुने खोटे ठरते.

आजकाल पत्राऐवजी मोबाईलवर निरोप येतो, आणि त्यास उत्तर म्हणून जोडलेल्या हातांचे चित्र जाते. त्या चित्राचा अर्थ नमस्कार असतो, आभार असतो, क्षमा असते, येतो असाही असतो आणि येत नाही असाही असतो. हेमाद्रीच्या कारभाऱ्यांनी लिपी घडवली ती शब्द झपाझप आणि नेमके लिहिता यावेत म्हणून. आपण पुन्हा चित्रलिपीकडे निघालो आहोत. चित्र पाठवावयास हरकत नाही, सोबत चार शब्द लिहावेत.

शेवटी निमंत्रण देणाऱ्यांकडे वळावयास हवे, कारण नकार बिघडतो तो पुष्कळदा त्यांच्यामुळे. ‘नकार ऐकून घेणार नाही’, ‘आपण न आल्यास आमचा हिरमोड होईल’, ‘आपले नाव पत्रिकेत छापले आहे’ असे लिहिणारा मनुष्य उत्तर मागत नाही, शरणागती मागतो. त्यास ‘प्रयत्न करतो’ हे उत्तर मिळाले तर तक्रार कोणाची? पूर्वी टपालखात्याचे जोडकार्ड मिळे. अर्ध्यावर आपण लिहावयाचे, उरलेल्या अर्ध्यावर पत्ता घालून उत्तरासाठी कोरे ठेवावयाचे. तशी सोय आजही करता येते. संस्थांनी निमंत्रणाच्या तळाशी एक तारीख घालावी आणि खाली दोन ओळी छापाव्यात : ‘येणार आहे’ आणि ‘येणे होणार नाही’, पाहुण्याने एकीवर खूण करून परत पाठवावे. आमची एवढीच सूचना आहे की त्या दोन ओळींत दुसरी ओळ वर छापावी.